जीएनएम, घरी कांदा, भाऊ एमपीएससीला. जर्मनीला जावं का?

उगावची_लेक

नमस्कार मंडळी. जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, नाशिकला एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत आहे. हातात १७ हजार पडतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र आणि जर्मनीचं बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाचा करार झाल्याचं वाचलं आणि जर्मनचा क्लास लावला. बी१ पास झाले, बी२ चालू आहे.

घरी अडीच एकर, मुख्य पीक कांदा. ७ डिसेंबर २०२३ च्या रात्री निर्यातबंदीचा आदेश निघाला तेव्हा आमचा लाल कांदा काढणीला आला होता. उन्हाळ कांदा चाळीत ठेवून वाट तरी बघता येते. लाल टिकत नाही, काढला की विकायचाच. महिना संपेपर्यंत भाव निम्म्यावर आला. ४ मे २०२४ ला बंदी उठली, तीही ४० टक्के निर्यात शुल्क ठेवून. तोवर आमच्याकडे विकायला काही उरलं नव्हतं. बाबांनी त्या वर्षी सोसायटीचं कर्ज नवं-जुनं केलं.

भाऊ पुण्यात एमपीएससी करतो. २०२३ ला तलाठी भरतीचा फॉर्म भरला, हजार रुपये फी. साडेचार हजारांच्या आसपास जागांना दहा लाखांवर अर्ज. निकालात एकाला २०० पैकी २१४! वेगवेगळ्या शिफ्टच्या पेपरांचे गुण बरोबरीला आणायचं नॉर्मलायझेशन म्हणे. घरी अजून कोणी चुकलं की बाबा म्हणतात, "जाऊ दे, नॉर्मलायझेशन करू."

एजंट साडेतीन लाख मागतोय. बाबा म्हणतात जा, आई म्हणते आधी लग्न. तिकडे असलेल्यांनी खरं सांगा: या रोजच्या वैतागातून माणूस सुटतो, की तिकडचा वेगळा वैताग मागे लागतो?

चाळीतला_कांदा

जा. मागे वळून बघू नका.

ऑगस्ट २३ ला ४० टक्के शुल्क, ऑक्टोबरला टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, डिसेंबरला बंदी. एका हंगामात तीन वेळा खेळ बदलला. १ एप्रिल २०२५ ला शुल्क पूर्ण काढलं, तरी भाव काही उठला नाही. आता कोणाच्या नावाने शिमगा करायचा ते ठरवतोय.

पण एक सांगून ठेवतो. २०२४ च्या लोकसभेला दिंडोरीत केंद्रातल्या राज्यमंत्रीण बाईंना आपण पाडलं. गावात कोणी सभा घेतली नव्हती, कांद्यानेच घेतली. मग विधानसभेला पाच महिन्यांत त्याच लोकांनी उलटं बटण दाबलं, लाडक्या बहिणींचे १५०० खात्यात आलेले. काय बोलणार! तरी बटण आपल्या हातात होतं एवढं खरं.

बार्शीची_सिस्टर

अगं सिस्टर, आधी त्या एजंटाचं बघू. त्याला एक रुपया देऊ नकोस. इथे जर्मनीत नर्स त्यांना हव्या आहेत. भाषा, कागदपत्रं, विमान हा खर्च हॉस्पिटलने करायचा, अशी रीतसर पद्धत आहे आणि ती पाळणाऱ्या एजन्सींना इथला सरकारी शिक्का मिळतो. केरळच्या मुली नॉर्का रूट्स या केरळ सरकारच्या संस्थेमार्फत 'ट्रिपल विन' योजनेतून येतात, त्यांच्याकडून भरतीची फी घेत नाहीत. मात्र हॉस्पिटलच्या करारात एक कलम बहुतेक असतंच: ठरावीक मुदतीआधी सोडलंस तर खर्चातला वाटा परत कर. ते कलम कोणाकडून तरी नीट समजून घे, मग सही.

मी श्टुटगार्टजवळच्या एका गावात आहे. इथली माणसं जे बोलतात ते तुझ्या बी२ च्या पुस्तकात नाही, तयारी ठेव.

आल्या आल्या तू इथे नर्स नसतेस, मदतनीस असतेस. आपल्या जीएनएममध्ये त्यांच्या अभ्यासक्रमातलं काय कमी आहे त्याचं पत्र येतं. मग काही महिने हॉस्पिटलमध्येच शिकायचं, नाहीतर परीक्षा द्यायची. तोवर पगार मदतनिसाचा. आणि काम? सकाळी सहाला हजर. पेशंटला पुसून घ्यायचं, कवळी धुवायची, डायपर बदलायचा, ब्रेडला लोणी लावून भरवायचं. आपल्याकडे हे मावशी करतात नाहीतर नातेवाईक, आणि आपण 'सिस्टर' म्हणून राउंडला उभ्या. आयसीयूतून आलेल्या मुलीला हे फार लागतं. माझ्यासोबतची एक चांगली हुशार पोरगी यावरूनच परत गेली. मला आता त्यात काही वाटत नाही. उलट सकाळी अंग पुसताना पाठीची कातडी लाल झालेली दिसते, ती फाईल वाचून कधीच दिसली नसती.

पैसे: मान्यता मिळाली की ग्रॉस तीन हजार युरोच्या वर. एकटीचा टॅक्स, आरोग्य विमा, पेन्शन, बेकारी विमा कापून दोन हजार ते बावीसशे हातात. भाडं सहा-सातशे. घरात टीव्ही नसला तरी टीव्ही-रेडिओची फी महिन्याला १८.३६ युरो. या फीवरून मी पहिल्या वर्षी जेवढी भांडले तेवढी सासरीसुद्धा भांडले नव्हते. बार्शीला पाठवायला उरतात, पण लोकांना वाटतं तेवढे नाहीत. युरोला रुपयाने गुणायची सवय लवकर सोड, नाहीतर कॉफीसुद्धा घशाखाली उतरत नाही.

आता तुझा खरा प्रश्न. वैताग आहेच. परदेशी नागरिकांच्या ऑफिसात अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही. माझा परवाना संपायला आला तरी उत्तर नाही, शेवटी तात्पुरता कागद हातात ठेवला. त्या कागदावर भारतात ये-जा करता येईल का, हे तीन खिडक्यांवर तीन वेगळं सांगितलं. रेल्वे वेळेवर असते हे तर विसरच.

पण मला इथे पगारापेक्षा काय आवडलं सांगू? तारीख. २०२५ च्या सुरुवातीला सार्वजनिक हॉस्पिटलांत पगारवाढीसाठी संप झाले. मी व्हिसावरची, भीत भीत विचारलं, मला चालेल का? वॉर्डच्या प्रमुख बाई म्हणाल्या, तो तुमचा हक्क आहे, फक्त इमर्जन्सीला कोण थांबणार ते आज लिहून द्या. एप्रिलमध्ये समझोता झाला: १ एप्रिल २०२५ पासून ३ टक्के, १ मे २०२६ पासून आणखी २.८ टक्के. बस, लिहिलं आणि झालं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये माझी मावसबहीण महाराष्ट्रात संपावर होती. राष्ट्रीय आरोग्य अभियानात कंत्राटी आहे. दहा वर्षं झालेल्यांना कायम सेवेत घेण्याचा शासन निर्णय मार्च २०२४ चा, आणि त्याची अंमलबजावणी करा म्हणून हा संप! म्हणजे मागणी मान्य होऊन दीड वर्ष झालेलं. तुझ्या बाबांचंही तेच बघ. भाव पडला हे दुःख शेतकरी पचवतो. रात्रीत आदेश निघतो, ते पचत नाही.

पेठेतला_अभ्यासू

ताई, आदराने असहमत. तिथे नियम बदलत नाहीत हे आज. फेब्रुवारी २०२५ च्या निवडणुकीत स्थलांतरितांच्या विरोधात बोलणारा एएफडी पक्ष २०.८ टक्के मतं घेऊन दुसरा आला. उद्या पहिला आला तर? तुम्हाला तिथे मत नाही. आणि भारतातलं मत आहे म्हणाल तर परदेशी मतदार म्हणून नाव लागतं, पण मत द्यायला स्वतः केंद्रावर यावं लागतं. दिंडोरीचं बटण दाबायला तिकीट काढून कोण येतंय?

मी इथे सदाशिव पेठेत अभ्यासिकेत बसतो. २०२३ च्या फेब्रुवारीत एमपीएससीचा नवा वर्णनात्मक (लेखी उत्तरांचा) पॅटर्न पुढे ढकला म्हणून रस्त्यावर बसलो आणि तो २०२५ वर ढकलून घेतला. चूक की बरोबर ते सोडा. पण आमचं ऐकावं लागलं ना? मार्च २०२२ पासून पुणे महापालिकेत नगरसेवक नव्हते, प्रशासक होता. निवडणूक व्हायला सर्वोच्च न्यायालयाने सांगावं लागलं. हे सगळं मलाही दिसतं. म्हणून शहाण्यांनी निघूनच जायचं?

बार्शीची_सिस्टर

दादा, मताचं तुमचं खरं आहे, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी ब्रेक रूममध्ये सगळ्याजणी मोठमोठ्याने बोलत होत्या, मी आत गेले तशा गप्प झाल्या. कोणी काय मत दिलं मी विचारलं नाही. आमच्या वॉर्डात बोस्नियाची, फिलिपिन्सची, केरळची आणि मी. आम्ही चौघी एकाच दिवशी रजेवर गेलो तर वॉर्ड बंद पडेल, एवढाच काय तो माझा राजकीय जोर.

नियमही बदलतात. जून २०२४ ला नागरिकत्वाची अट आठ वर्षांवरून पाच केली, भाषा वगैरे फार चांगली असेल तर तीन. ती तीनची सोय ऑक्टोबर २०२५ मध्ये काढून टाकली. माझ्या ओळखीतले काहीजण हळहळले. पण निवडणुकीच्या जाहीरनाम्यात होतं, महिनोन्‌महिने पेपरात चालू होतं. ज्याला घाई करायची होती त्याने केली. रात्री झोपताना एक आणि सकाळी उठून दुसरं, असं झालं नाही.

निघून जायचं का, हे मला विचारू नका. मी बार्शी सोडली तेव्हा देशाचा विचार केला नव्हता, सासऱ्यांच्या डायलिसिसचा केला होता.

उगावची_लेक

सगळ्यांचे आभार. एजंटाला आजच नाही कळवलं, तर तो लगेच अडीच लाखांवर आला! बाबांना हे सगळं वाचून दाखवलं. त्यांचा एकच प्रश्न: पुढे तिकडचा पासपोर्ट घेतला तर वावराचं काय?

बार्शीची_सिस्टर

भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. जर्मन पासपोर्ट घेतला की भारतीय सोडायचा आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांचं) काढायचं. ओसीआयवर शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाहक्काने आली तर चालते, म्हणजे बाबांचं अडीच एकर तुझ्या वाट्याला येऊ शकतं, शेजारचं एकर घेता येणार नाही. पण मुदत भरली म्हणून नागरिकत्व घ्यायलाच हवं असं कुठे आहे? मी नाही घेतलंय अजून.

आणि हो, कॉलेजकडून प्रत्येक विषयाचे थिअरीचे आणि वॉर्डचे तास लिहिलेलं पत्र आत्ताच सही-शिक्क्यासकट घेऊन ठेव. इथे मान्यतेच्या वेळी पहिलं तेच मागतात. प्राचार्य बदलले की नवे म्हणतात, जुन्या बॅचचं रेकॉर्ड सापडत नाही.