२० मिमी शाफ्टवर ग्रब स्क्रूऐवजी रोल पिन चालेल का?

फिटर२०: लहान बेल्ट कन्व्हेयर आहे. ड्राइव्ह शाफ्ट २० मिमी, माइल्ड स्टील. त्यावर स्प्रॉकेट (दातेरी चाक), त्याच्या हबचा, म्हणजे शाफ्टवर बसणाऱ्या मधल्या भागाचा, बाहेरचा व्यास ४० मिमी. मोटर ०.३७ किलोवॅट, गिअरबॉक्सनंतर ६० आरपीएम. ग्रब स्क्रू (हबमधून शाफ्टवर आवळायचा बिनडोक्याचा स्क्रू) थरथराटाने सारखा सैल होतो. टेपर (निमुळत्या) पिनचं भोक नेमकं करायचा रीमर नाही. लांबीभर स्लॉट (फट) असलेली पोकळ रोल पिन ठोकली तर ती आपोआप बाहेर येणार नाही ना? भोक किती मिमीचं करायचं?

टूलरूम: चालेल. ६ मिमीची घ्या, आयएसओ ८७५२ या मानकाप्रमाणे, लांबी ३५. दोन्ही टोकं हबच्या आत सुमारे अडीच मिमी राहतील, कपडा किंवा बोट अडकणार नाही.

६ची पिन मोकळी असताना ६.४ ते ६.७ मिमी असते. भोक ६.०० ते ६.१२. ठोकताना ती आवळली जाते आणि मग आयुष्यभर उघडायला बघते, म्हणून भोकाच्या पूर्ण लांबीवर बाहेर दाब देत राहते. तिथल्या घर्षणानेच ती अडून बसते. नट, लॉकटाइट (स्क्रूचा गोंद), टोक ठोकून पसरवणं, काहीच लागत नाही. डॉवेलला (भरीव पिनला) भोक रीम करून ६.०००–६.०१२ मध्ये यावं लागतं. इथे साध्या ड्रिलचं भोक पुरतं, खरा फायदा हाच.

हब आणि शाफ्ट एकत्र धरून एकाच वेळी आरपार ड्रिल करा. वेगवेगळं केलंत तर भोकं जुळत नाहीत, पिन मधेच शाफ्टच्या कडेवर आपटते आणि तिचं टोक चेंगरतं.

डिझाइनटेबल: ताकद तपासू. टॉर्क (फिरवण्याचा जोर) = ९५५० × ०.३७ ÷ ६० = ५९ न्यूटन-मीटर. शाफ्टच्या पृष्ठभागावर, पिन जिथे कापली जाऊ शकते त्या प्रत्येक ठिकाणी २.९५ किलोन्यूटन. ६ मिमी पिनची दुहेरी कातर ताकद (दोन जागी कापायला लागणारा जोर) किमान २६ किलोन्यूटन, म्हणजे एका कापाला १३. येणाऱ्या जोराच्या सुमारे ४.४ पट. कन्व्हेयरला पुरे. पण मोटर ०.७५ किलोवॅटची केलीत तर २.२ पटच उरतं, अडकलेल्या बेल्टच्या धक्क्याला ते कमी. तिथे चावी-खाचच (शाफ्ट आणि हबमधल्या खाचेत बसणारी चावी) करा. पिन जाड करत गेलं तर शाफ्टच कमकुवत होतो. व्यासाच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर जाऊ नका.

फिटर२०: स्लॉट कुठल्या बाजूला ठेवायचा? की काही फरक पडत नाही?

टूलरूम: पडतो. जोराच्या रेषेत ठेवलात तर पिन कडक बसते. काटकोनात ठेवलात तर थोडी दबते आणि धक्का झेलते. तुमचा टॉर्क फिरवणारा आहे, म्हणजे जोर शाफ्टच्या परिघाच्या दिशेने येतो. स्लॉट त्याच दिशेला ठेवा. दोन्ही दिशांनी सारखी उलटसुलट गती असेल तर गुंडाळलेली, म्हणजे कॉइल पिन बरी, तिचा दाब भोकात सगळीकडे सारखा पसरतो.

मेंटेनन्स: ठोकताना जे चुकतं ते सांगतो. ड्रिलची बर (भोकाच्या कडेला उरलेली धारदार धातूची कड) काढा, पण चॅम्फर (तोंडाची तिरपी कड) खोल करू नका. तिथे पिनला आधार उरत नाही. भोकात तेलाचा थेंब टाका. शाफ्ट व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराची खाच असलेल्या ठोकळ्यावर) टेकवा, नाहीतर बेअरिंग मार खाईल. पंच पिनपेक्षा किंचित बारीक, मध्ये छोटा उंचवटा असलेला घ्या. सपाट पंचाने पिनचं तोंड पसरतं आणि ती काढताना भोक खराब करते.

पिन हाताने आत गेली तर भोक मोठं झालंय, गोंद लावून चालवू नका. पुढचं माप शाफ्टच्या व्यासाच्या तिसऱ्या हिश्शाच्या आत असेल तरच त्यावर जा. काढलेली पिन परत वापरू नका, उघडायचा जोर कमी झालेला असतो.

इलेक्ट्रोप्लेटिंग केलेली झिंकची पिन घेताना सांभाळा. कडक स्टीलमध्ये हायड्रोजन राहिला तर ठोकल्यावर काही तासांनी, कुणी हात न लावता, तडकते. ओलसर जागी स्टेनलेसची पिन लावा.