मदत हवी आहे: ड्रमच्या बार्बेक्यूला धुराडं कुठे बसवू?

मंडळी, २०० लिटरचा भंगारातला लोखंडी ड्रम उभा चिरून, बिजागऱ्या लावून झाकणाचा बार्बेक्यू करतोय. ड्रम उघड्या तोंडाचा बघूनच घेतला. बंद ड्रमवर ग्राइंडर चालवायची आपली हिंमत नाही. आत तेलाची वाफ उरली असेल तर एक ठिणगी पुरते. आतला रंग मोकळ्या जागेत मोठा जाळ करून उडवणार आहे.

अडलंय ते धुराड्यापाशी. चार इंची पाइपाचा छान तुकडा हाती लागलाय, पण तो गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर चढवलेला. जस्त ४२० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. धुराड्यात एवढी धग पोचणार नाही, हे मान्य. पण वेल्डिंगच्या आर्कमध्ये त्याचा पांढरा धूर होतो आणि तो छातीत गेला की ताप भरतो. जोडापुरता थर घासून काढला तर चालेल, की नाद सोडून साधा काळा पाइपच शोधू?

दुसरं म्हणजे जागा. झाकणाच्या माथ्यावर पाइप बसवला तर गरम हवा थेट वर पळणार. म्हणून तो एका टोकाला, जाळीच्या पातळीवर काढायचा विचार आहे, आणि हवेची भोकं समोरच्या टोकाला, निखाऱ्यांच्या खाली. म्हणजे धूर जाळीवरून आडवा जाईल. पण तोंड इतकं खाली असलं की पेटवताना ओढ कमी पडते का? आणि झडप धुराड्यात हवीच, की खालची भोकं झाकून भागतं?

वापरून बघितलेल्यांनी सांगा. फोटो असेल तर उत्तम, विशेषतः जोडाचा.