मदत हवी: दाढ ठणकतेय, काढू का ठेवू?

गेवराईकर: खाली उजवीकडं काळा खड्डा पडलाय. लवंग झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या, रात्रभर डोळ्याला डोळा नाही. डॉक्टर रूट कॅनाल म्हणतात, घरचे म्हणतात दुधाचीच आहे, काढून टाका. उद्या सकाळीच जायचंय, लवकर सांगा.

तेरणाकाठ: दुधाची म्हणजे लेकराची ना? वय काय? ताप, सूज?

माजलगावची_ताई: रिंगणीच्या बियांची धुरी द्या. आमच्या आत्याच्या दाढेतले किडे पडले अन् ठणका गेला.

तेरणाकाठ: ताई, दाढेत अळ्या नसतातच. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल करतात, त्यानं दात झिजतो. धुरीनं लेकराचं तोंड पोळेल, कृपा करून असं सांगू नका.

गेवराईकर: मुलगी आहे, आठ वर्षांची. ताप नाही. हिरडीवर पुळी आलीय.

दंतवैद्य_लातूर: पुळी म्हणजे मुळाशी पू झालाय, थांबू नका. आधी सुळ्यापासून मागं मोजा. पहिल्या दोन दाढा दुधाच्या, तिसरी कायमची. ती सहाव्या वर्षाच्या सुमारास एकही दात न पडता मागून येते, म्हणून घरच्यांना दुधाचीच वाटते. काढली की पुन्हा येत नाही. दुधाची असली तरी ती १०-१२ वर्षांपर्यंत लागते. लवकर काढली तर शेजारचे दात सरकतात, मग जागा राखायला तार बसवावी लागते.

किनवटचा_मास्तर: फ्लोराइडची पेस्ट आधी बंद करा! आमच्याकडं बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडनं पोरांचे दात पिवळे पडलेत.

दंतवैद्य_लातूर: मास्तर, तो त्रास रोज पोटात जाणाऱ्या पाण्याचा. लिटरमागं १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराइड असलं तर ते पाणी पिऊ नये. पेस्ट वाटाण्याएवढी घ्यायची अन् थुंकायची. किडीपासून तीच वाचवते.

औसेकर: आमच्या आजी जन्मभर मिश्री लावायच्या, एक दात किडला नाही.

तेरणाकाठ: मिश्री तंबाखूची असते हो, आठ वर्षांच्या पोरीच्या धाग्यावर कशाला?

गेवराईकर: बॅटरी लावून मोजली. तिसरीच आहे. मग संभाजीनगरच्या शासकीय दंत महाविद्यालयात नेऊ का?

दंतवैद्य_लातूर: न्या, लहान मुलांच्या दातांच्या विभागात. या वयात त्या दाढेची मुळं टोकाशी बंद झालेली नसतात, उपचार वेगळा असतो. एक्स-रे काढल्याशिवाय दाढ काढू देऊ नका. गाल सुजला किंवा ताप आला तर रात्रीच दवाखाना गाठा.

किनवटचा_मास्तर: बोअरचं पाणी तपासून कुठं मिळतं, तेवढं सांगा.