न्यूजग्रुपचा सर्व्हर माउंट केला, पण भलत्याच ग्रुपचा लेख उघडतो

केतकी_टर्मिनल
नमस्कार मंडळी. फ्यूज (साध्या प्रोग्रॅमला फाइल सिस्टिम बनू देणारी सोय) वापरून एनएनटीपी सर्व्हर, म्हणजे न्यूजग्रुप या चर्चामंचांचे लेख देणारा सर्व्हर, फाइल सिस्टिमसारखा माउंट करणारा (डिस्कसारखा जोडणारा) छोटा प्रोग्रॅम पायथॉनमध्ये लिहितेय. ग्रुपच्या नावातल्या दर टिंबाला एक डिरेक्टरी, आत लेखाच्या क्रमांकाची फाइल. ग्रेप (मजकुरात शोधायला) आणि लेस (वाचायला) या रोजच्या हत्यारांनी जुन्या चर्चा चाळता याव्यात, एवढंच हवंय.

चालतंय, पण मोठ्या ग्रुपमध्ये 'एलएस -एल' (फाइलींची तपशीलवार यादी) दिलं की टर्मिनल गोठतं. दोन खिडक्यांतून दोन ग्रुप वाचले, तर कधीकधी एकाच्या फाइलीत दुसऱ्याचा लेख येतो, आणि एररही नसते. शिवाय काही लेखांच्या शेवटच्या ओळी गायब असतात. कुठून सुरुवात करू?

जुना_स्पूल
भलत्या लेखापासून करा, कारण तिथे वाचणाऱ्याला चूक कळतही नाही.

एनएनटीपीचं कनेक्शन 'आत्ता कुठला ग्रुप निवडलाय' हे लक्षात ठेवतं, आणि लेखाचा क्रमांक त्या ग्रुपपुरताच असतो. फ्यूज मुळात अनेक थ्रेडवर चालतं, म्हणजे एकाच वेळी अनेक कामं समांतर करतं. एका थ्रेडनं 'ग्रुप कॉम्प.लँग.सी' पाठवलं. तो 'आर्टिकल ४३१२' पाठवणार, तेवढ्यात दुसऱ्यानं त्याच कनेक्शनवर वेगळा ग्रुप निवडला. सर्व्हर मुकाट्यानं नव्या ग्रुपचा ४३१२ देतो. तो क्रमांक तिथे नसेल, तरच ४२३ हा कोड मिळतो. तुमचं लॉक (एका वेळी एकाच थ्रेडला कनेक्शन वापरू देणारं कुलूप) बहुधा एकेका कमांडपुरतं असणार. ते दोन्ही कमांडना मिळून लावा. त्याहून बरं म्हणजे लेख मेसेज-आयडीनं (प्रत्येक लेखाची स्वतःची एकमेव ओळख) मागा, मग निवडलेल्या ग्रुपचा संबंधच उरत नाही. क्रमांक फक्त फाइलीच्या नावापुरता ठेवा.

'एलएस -एल' प्रत्येक फाइलीची माहिती विचारतं. त्यासाठी दर लेखामागे 'हेड' (फक्त हेडर, म्हणजे विषय, लेखक वगैरे माहिती मागणारी कमांड) पाठवत असाल, तर टर्मिनल गोठणारच. 'ओव्हर' कमांडला क्रमांकांची रेंज द्या: विषय, लेखक, तारीख, मेसेज-आयडी, बाइट, ओळी सगळं एका उत्तरात मिळतं. जुन्या सर्व्हरवर तेच 'एक्सओव्हर' नावानं आहे. आलेलं डिस्कवर साठवा. सर्व्हर क्रमांक पुन्हा वापरत नाही, त्यामुळे पुढच्या वेळी फक्त नवे मागायचे.

रिकामा_बफर
शेवटच्या ओळींबद्दल. फाइलीचा आकार तुम्ही ओव्हरमधल्या बाइटवरून सांगताय ना? त्या आकड्यावर विसंबू नका. काही सर्व्हर ओळीअखेरची सीआर-एलएफ ही दोन बाइटांची जोडी एकच बाइट धरतात, काही लेख संपल्याची खूण असलेला शेवटचा टिंबही मोजतात, हे २००६ च्या आरएफसी ३९७७ या एनएनटीपीच्या मानकातच लिहिलंय. सांगितलेला आकार खऱ्यापेक्षा कमी भरला, की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) तिथेच वाचन थांबवतो. शंभर ओळींच्या लेखात शंभर बाइट गेले. फाइल उघडताना फ्यूजचा 'डायरेक्ट आयओ' हा पर्याय चालू करा, म्हणजे तुम्ही रिकामं उत्तर देईपर्यंत वाचन चालू राहतं.

केतकी_टर्मिनल
मेसेज-आयडीनं मागायला लागले आणि सरमिसळ थांबली! शेवटच्या ओळीही आल्या. आता कॉम्प.लँग.सी हा ग्रुपही आहे आणि त्याखाली 'मॉडरेटेड'ही. एकाच डिरेक्टरीत लेख आणि उपग्रुप, चालेल? आणि फाइल सेव्ह केली की लेख पोस्ट व्हावा, असं करावं का?

जुना_स्पूल
पहिलं खुशाल करा. मी वर्षानुवर्षं आयएनएन हा न्यूज सर्व्हर सांभाळला, तिथल्या पारंपरिक साठवणीत हेच होतं: /व्हार/स्पूल/न्यूज/कॉम्प/लँग/सी/४३१२. शेजारीच 'मॉडरेटेड' डिरेक्टरी. म्हणून तर ग्रुपच्या नावाचा एखादा भाग नुसत्या आकड्यांचा नसावा, असा संकेत आहे, नाहीतर लेखाच्या क्रमांकाशी गल्लत होईल. सर्व्हरवर बसून आम्ही थेट ग्रेप चालवायचो, आणि ते सुख तुम्ही दुरून मिळवताय याचा मला फार आनंद आहे. प्लॅन ९ या ऑपरेटिंग सिस्टिममधलं, असंच काम करणारं 'एनएनटीपीएफएस' जरूर बघा. तिथे प्रत्येक लेखाची डिरेक्टरी असते, हेडर आणि मजकूर वेगळ्या फाइलींत. नुसत्या हेडरांत शोधायला ते फार सोयीचं पडतं.

पोस्टिंग मात्र नको. एडिटर तात्पुरत्या फाइली बनवतात, एकच मजकूर दोनदा लिहितात, नावं बदलतात. यातली कुठली 'सेव्ह' म्हणजे 'पाठव', हे फाइल सिस्टिमला कळायला मार्ग नाही. आणि गेलेला लेख परत घेता येत नाही, कारण रद्द करायचा संदेश कित्येक सर्व्हर मानतच नाहीत. माउंट रीड-ओन्ली ठेवा, पाठवायला वेगळी कमांड लिहा. फाइल मॅनेजरचे प्रिव्ह्यूही त्या डिरेक्टरीपुरते बंद करा. नाहीतर फोल्डर नुसतं उघडल्यावर तो प्रत्येक लेख ओढायला लागेल, आणि सर्व्हर तुमचं कनेक्शन तोडेल.