नणंदेला 7 मिमीची थायरॉईडची गाठ, रिपोर्टमध्ये कॅन्सर आलाय, ऑपरेशनची एवढी घाई खरंच गरजेची आहे का?

नीला_नाशिक
नमस्कार मंडळी. माझ्या नणंदबाई, वय 44, कसलाही त्रास नव्हता, ऑफिसच्या फुल बॉडी चेकअपमध्ये मानेची सोनोग्राफी पण होती म्हणून केली आणि त्यात थायरॉईडच्या उजव्या बाजूला 7 मिमीची गाठ दिसली. मग सुई घालून तपासणी केली तर पॅपिलरी कार्सिनोमा, म्हणजे थायरॉईड कॅन्सरचाच एक प्रकार, आलं. सर्जन म्हणाले पूर्ण ग्रंथी काढू, पुढच्या आठवड्यातली तारीख पण दिलीय. तेव्हापासून ताईंचं जेवण तुटलंय, सासूबाई देवापुढून उठत नाहीत. मला एकीने सांगितलं की जपानमध्ये इतक्या छोट्या गाठींना हात न लावता नुसतं लक्ष ठेवतात, हे खरं आहे का व्हॉट्सॅपवरचं काहीतरी? घरात विचारायला गेलं तर सगळे म्हणतात कॅन्सर आहे म्हटल्यावर थांबायचं कशाला. अजून एक, आमच्या सोसायटीत पुढच्या महिन्यात आरोग्य कॅम्प आहे, त्यात बायकांसाठी मानेची सोनोग्राफी स्वस्तात ठेवलीय. मी करून घेऊ का?

सूक्ष्मदर्शक
नीलाताई, मी पॅथॉलॉजिस्ट आहे, आता रिटायर झालोय. जपानचं खरं आहे. कोबे शहरात कुमा हॉस्पिटल म्हणून थायरॉईडचं मोठं हॉस्पिटल आहे, तिथे डॉ. मियाउची यांच्या पुढाकाराने 1993 पासून 1 सेंटीमीटरपर्यंतच्या पॅपिलरी गाठी असलेल्या पेशंटना ऑपरेशन किंवा नुसतं लक्ष ठेवणं असे दोन्ही पर्याय देतात. लक्ष ठेवलेल्या 1235 पेशंटचा हिशोब त्यांनी छापलाय, 10 वर्षांत गाठ 3 मिमी किंवा जास्त वाढली अशी माणसं साधारण 8 टक्के, मानेतल्या लसीकाग्रंथीत पसरलं अशी 4 टक्क्यांच्या आत, आणि थायरॉईड कॅन्सरने दगावलेलं एकही नाही. ज्यांची गाठ वाढली त्यांचं नंतर ऑपरेशन केलं आणि तेही नीट राहिले.

आमच्या शाखेत हे फार जुनं आहे खरं तर. 1985 साली फिनलंडमध्ये दुसऱ्याच कारणांनी वारलेल्या 101 जणांच्या थायरॉईडचे बारीक काप करून पाहिले तर 36 जणांत पॅपिलरी कॅन्सर सापडला, आणि त्यातला कुणीही त्याने गेलेला नव्हता. म्हणजे दर तिसऱ्या माणसाच्या गळ्यात हे असू शकतं आणि आयुष्यभर काही करत नाही. सोनोग्राफीचं मशीन जितकं चांगलं तितक्या बारीक गाठी दिसणार, आणि दिसल्या की सुई, सुई झाली की रिपोर्ट, रिपोर्ट आला की कुणाला झोप लागत नाही.

सुवॉनकर
मी गेली बरीच वर्षं दक्षिण कोरियात नोकरीला आहे, मूळचा पुण्याचा. इथे हे सगळं अख्ख्या देशाने भोगलंय म्हणून लिहितो. 1999 ला सरकारने कॅन्सर तपासणीची योजना आणली, त्यात थायरॉईड नव्हतंच, पण हॉस्पिटलवाले म्हणायचे आलाच आहात तर अजून तीस-पन्नास डॉलर टाका आणि गळ्याची सोनोग्राफी करून घ्या, लोक करायचे, कोण नाही म्हणणार. परिणाम काय तर 2011 मध्ये थायरॉईड कॅन्सरचं निदान होण्याचं प्रमाण 1993 च्या 15 पट झालं, एका वर्षात 40 हजारांवर लोक, कोरियात सगळ्यात जास्त सापडणारा कॅन्सर हाच झाला. आणि मरणाऱ्यांचा आकडा? आधी पण वर्षाला तीन-चारशे, नंतर पण तीन-चारशे. इतके शोधून काढले, इतक्यांचे गळे कापले, त्यातून खरंच जीव वाचत असते तर हा आकडा खाली यायला नको का? माझ्या ऑफिसमधल्या वयाने मोठ्या कितीतरी बायकांच्या गळ्यावर ती आडवी रेघ आहे, रोज सकाळी गोळी, आणि दरवर्षी चेकअपच्या वेळी तीच धाकधूक.

2014 च्या मार्चमध्ये इथल्याच आठ डॉक्टरांनी एकत्र येऊन जाहीर पत्र काढलं की ज्यांना त्रास नाही त्यांची गळ्याची सोनोग्राफी बंद करा. टीव्हीवर पेपरात खूप गाजलं, आणि वर्षभरात ऑपरेशनं 35 टक्क्यांनी कमी झाली. मला त्या आठ जणांबद्दल फार आदर आहे, स्वतःच्याच व्यवसायाच्या विरोधात उभं राहायला हिंमत लागते.

रा_देशमुख
माफ करा पण मला हे वाचून राग आलाय. माझी मामी थायरॉईड कॅन्सरने गेली, फुफ्फुसात पसरला होता. आकडे सांगून एखाद्या घाबरलेल्या बाईला थांबा म्हणणं सोपं आहे, उद्या काही झालं तर जबाबदार कोण? कॅन्सर आहे, काढून मोकळं व्हावं.

सूक्ष्मदर्शक
देशमुख, मामींचं वाचून वाईट वाटलं. राग येणं अगदी साहजिक आहे. एकच विचारतो, त्यांची गाठ कशी कळली होती?

रा_देशमुख
आवाज घोगरा झाला होता आणि गळ्याला हात लावला तरी लागायची. आम्ही सगळे सर्दी समजत होतो.

सूक्ष्मदर्शक
तोच फरक आहे हो. हाताला लागणारी गाठ, बदललेला आवाज, गिळायला त्रास, लहानपणी मानेला रेडिएशन मिळालेलं, घरात कुणाला मेड्युलरी प्रकारचा थायरॉईड कॅन्सर, यातलं काहीही असेल तर सोनोग्राफी केलीच पाहिजे आणि लवकर केली पाहिजे, याबद्दल दुमत नाही. काहीच त्रास नसलेल्या माणसाच्या गळ्यात मशीनने शोधून काढलेल्या 7 मिमीबद्दल मी बोलतोय. अमेरिकेच्या सरकारी तज्ज्ञ गटाने 2017 मध्ये स्पष्ट सांगितलंय की लक्षणं नसलेल्या मोठ्या माणसांची थायरॉईड कॅन्सरसाठी तपासणी करू नका, फायद्यापेक्षा तोटा जास्त.

आणि "काढून मोकळं" असं होत नाही. पूर्ण ग्रंथी काढली की थायरॉक्सिनची गोळी जन्मभर. ग्रंथीला चिकटून तांदळाच्या दाण्याएवढ्या पॅराथायरॉईड असतात, त्या दुखावल्या की कॅल्शियम घसरतं, हातापायाला मुंग्या, बोटं वाकडी होतात. आवाजाची नस मागूनच जाते. सुवॉनकर म्हणतात त्या कोरियात ऑपरेशन झालेल्या 15 हजारांवर लोकांचे विम्याचे क्लेम पाहिले तर 11 टक्क्यांना कॅल्शियमचा हा त्रास आणि 2 टक्क्यांना स्वरतंतूचा लकवा. शिक्षिकेचा किंवा गाणाऱ्या बाईचा आवाज गेला तर तिने काय करायचं, तेही अशा गाठीसाठी जी कदाचित कधी काही करणारच नव्हती.

नीला_नाशिक
सगळ्यांचे खूप आभार. देशमुख दादा, तुमचं म्हणणं पण कळतंय, आमच्या घरात हेच बोलतात सगळे. आता सर्जनना नेमकं विचारायचं काय, ते सांगाल का? आम्ही तिथे गेलो की तोंडच उघडत नाही.

सूक्ष्मदर्शक
आधी हे विचारा की गाठ श्वासनळीला किंवा आवाजाच्या नसेला टेकलीये का, आणि मानेतल्या लसीकाग्रंथी सोनोग्राफीत नीट पाहिल्यात का, त्यात काही पसरलेलं दिसतंय का. यातलं काही असेल तर थांबायचं नाही, ऑपरेशनच. नसेल तर आठवड्याची घाई नाही, या प्रकारात दुसरं मत घ्यायला भरपूर वेळ असतो, मुंबईत टाटाला किंवा थायरॉईडचं काम नेहमी करणाऱ्या एखाद्या एंडोक्राइन सर्जनकडे दाखवा. तिथे विचारा की सहा महिन्यांनी, मग वर्षा-वर्षाने सोनोग्राफी करून लक्ष ठेवता येईल का. आणि ताईंना ते टेन्शन सोसणार नसेल, काहींना खरंच सोसत नाही आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही, तर विचारा की पूर्णऐवजी अर्धीच ग्रंथी काढून चालेल का. 1 सेंटीमीटरच्या आतली एकच गाठ असेल तर बहुतेकदा चालतं. निर्णय ताईंचा पाहिजे, पण सगळे पर्याय समोर ठेवून.

मधुरा७२
कॅम्पबद्दल मी सांगते, मी सोसायटीच्या कमिटीवर काम केलंय. नीला, तू करू नकोस आणि कमिटीला पण सांग की मानेची सोनोग्राफी काढून टाका. टीएसएचची, म्हणजे थायरॉईड नीट काम करतोय का ते बघायची, रक्ततपासणी वेगळी बरं का, थकवा, वजन वाढणं, पाळीचा गोंधळ यासाठी डॉक्टर सांगतात ती, तिचा कॅन्सरशी संबंध नाही, लोक दोन्ही एकच समजतात. त्या पैशात बीपी, शुगर, तोंडाची तपासणी, स्तनांची आणि गर्भाशयमुखाची तपासणी ठेवा. तिशीनंतर याच तपासण्या आपल्या सरकारी कार्यक्रमात आहेत आणि या बायका टाळतात, लाजतात. आमच्याकडे तंबाखूची मिश्री लावणाऱ्या किती कामवाल्या बायका आहेत, त्यांचं तोंड कुणी उघडून पाहत नाही आणि गळ्याच्या सोनोग्राफीला रांग.

नीला_नाशिक
कमिटीच्या काकांशी बोलते आजच. आणि सूक्ष्मदर्शक सर, शेवटचं, दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना लॅबकडून त्या काचपट्ट्या मागितल्या तर देतात का? की परत सुई टोचून घ्यावी लागेल? ताई त्यालाच घाबरल्यात.

सूक्ष्मदर्शक
देतात, साधा अर्ज लिहून द्या. सोनोग्राफीचे फोटो किंवा सीडी पण मागा, नुसता रिपोर्टचा कागद पुरत नाही. परत सुई शक्यतो लागणार नाही.