मदत हवी आहे : घरात एकच लाकडी जिना, आग लागली तर बाहेर कसं पडायचं?

बडोद्यात दांडिया बाजारामागच्या गल्लीत जुना दुमजली वाडा आहे. खाली स्वयंपाकघर आणि बैठक, वर झोपायच्या खोल्या. जिना एकच, लाकडी, अडीच फूट रुंद. सासूबाई ८२ वर्षांच्या, वॉकर घेऊन चालतात आणि वरच झोपतात. मुलगी ५ वर्षांची. रस्त्याकडच्या गॅलरीला पूर्ण लोखंडी जाळी. ई-स्कूटर रात्री जिन्याखाली चार्जिंगला असते. खालून निघता आलं नाही तर गच्चीवरून शेजाऱ्यांकडे उतरायचं, असं ठरवलंय. ४ किलोचं एबीसी पावडरचं एक्स्टिंग्विशर आहे. आणखी काय करावं, आणि आधी काय?

उत्तर १
आधी स्कूटर तिथून काढा, आजच. लिथियम बॅटरी पेटली की बघता बघता विषारी धूर सुटतो, आणि तोही तुमच्या एकुलत्या एका वाटेच्या पायथ्याशी. पावडरने ज्वाळा दबते, पण आतले सेल तापतच राहतात आणि पुन्हा भडकतात. चार्जिंग अंगणात, घरातली माणसं जागी असताना.

गच्चीचा बेत सोडा. तिकडे जायचा जिनाही तोच ना? खाली आग लागली की जिन्याचं धुराडं होतं, गरम धूर आधी वर जाऊन कोंडतो. तुमची दुसरी वाट गॅलरी आहे.

उत्तर २
जाळीत बिजागऱ्यांची झडप करून घ्या, निदान दोन फूट रुंद आणि अडीच फूट उंच. कडी अंधारात चाचपडून एका हाताने सरकली पाहिजे. कुलूप लावणारच असाल तर किल्ली आत, झडपेजवळच्या खिळ्याला, पण बाहेरून हात पोचणार नाही अशी. पावसाळ्यात बिजागऱ्या गंजून धरतात, म्हणून तेल घाला आणि दर महिन्याला झडप पूर्ण उघडून बघा.

गॅलरीत गेलात की मागचं दार लावून घ्या. दार उघडं राहिलं तर धूर मागोमाग येतो. १०१ किंवा ११२ लावा. गल्लीची खूण, आत किती माणसं आणि गॅसचे सिलिंडर कुठे, हे आधी सांगा.

धागाकर्ती
सासूबाईंना हलवायचं कसं?

उत्तर ३
त्यांची खाट खाली आणता आली तर बाकीचं बरंच सोपं होईल. तोवर जाड सतरंजी खाटेवर अंथरून ठेवा. त्यांना सतरंजीसकट खाली उतरवून डोक्याकडून धरून गॅलरीत ओढत नेता येतं, दोघंही धुराच्या खाली राहता. जिन्यावरून न्यायला दोघं लागतात: हात नसलेली मजबूत लाकडी खुर्ची, ओढणीने कमरेला बांधून, मागे कललेली, एकजण पाठीशी, दुसरा पुढच्या पायांशी. प्लॅस्टिकची नको, पाय दुमडतात. वळणावर खुर्ची अडते का, ते रिकामी नेऊन आधीच बघा.

मुलीला कोण उचलणार, तेही नावानिशी ठरवा. लहान मुलं घाबरली की पलंगाखाली लपतात, हाक मारली तरी ओ देत नाहीत.

उत्तर २
स्मोक अलार्म राहिलाच. एक जिन्याच्या वरच्या टोकाला छतावर, एक बैठकीत. स्वयंपाकघरात नको, फोडणीला वाजतो आणि मग कोणीतरी बॅटरी काढून ठेवतं. एक्स्टिंग्विशर शेगडीजवळ न ठेवता बाहेरच्या दाराशी ठेवा. ते काही सेकंदांतच रिकामं होतं, तेवढ्यात आग विझली नाही तर बाहेर पडा.