विषय: उद्यानविद्येच्या विद्यार्थ्यांसाठी छोटी अनुदाने

प्रेषक: कोषाध्यक्ष

सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

ब्रिटनमधील आपल्या मराठी मंडळाच्या शिक्षण निधीतील शिलकीचा विनियोग या वर्षी डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या उद्यानविद्या शाखेसाठी करावा, असा प्रस्ताव मी कार्यकारिणीपुढे ठेवत आहे. दापोली आणि मुळदे येथील महाविद्यालयांत चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम चालतो. तेथील काही गरजू विद्यार्थ्यांचे शिक्षण शुल्क मंडळाने भरावे, अशी माझी सूचना आहे. हरकती अवश्य कळवाव्यात.

आपला,
कोषाध्यक्ष

प्रेषक: एक सभासद, केंट

मा. कोषाध्यक्ष यांस सादर नमस्कार.

हेतू उत्तम आहे, परंतु शुल्क भरण्यास माझा विरोध आहे. शुल्कासाठी राज्य शासनाची राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, वसतिगृहाच्या खर्चासाठी डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आहे आणि राखीव प्रवर्गांसाठी स्वतंत्र योजना आहेत. तो पैसा हाती येण्यास वेळ लागत असला, तरी शासनाचे देणे आपण उचलल्याने त्या मुलांच्या शिक्षणात नवी भर काहीच पडत नाही. ज्या खर्चासाठी कोणत्याही योजनेत तरतूद नाही, तो आपण पाहावा.

असा पहिला खर्च प्रवासाचा. दापोलीचा विद्यार्थी आंबा, काजू, नारळ आणि सुपारी रोज पाहतो; मात्र नाशिकच्या द्राक्षबागेतील ऑक्टोबरची फळछाटणी, सांगोल्याच्या डाळिंबाचा हस्त बहार (हस्त नक्षत्राच्या सुमारास येणारा फुलोरा) किंवा विदर्भातील संत्र्याच्या झाडाला पाण्याचा ताण देऊन धरलेला आंबिया बहार (आंब्याच्या मोहोराच्या सुमारास येणारा फुलोरा) त्याला बहुधा पुस्तकातच भेटतो. काडीवरचा कोणता डोळा (कोंब) राखायचा आणि कोणती काडी काढायची, हे छाटणी करणाऱ्या मजुरांच्या शेजारी आठवडाभर उभे राहिल्याशिवाय कळत नाही. वर्गाची सहल तेथे जाते खरी, पण ती एका दुपारी बाग पाहून परतते. छाटणीच्या ऐन हंगामात एखाद्याला आठ दिवस राहता आले, तर गाडीभाडे, राहणे आणि जेवण यांचा खर्च आपल्या एका स्नेहभोजनाच्या तुलनेत किरकोळ ठरेल. दुसरा खर्च अवजारांचा: कलमाचा चांगला चाकू, सिकेटर (छाटणीची कात्री) आणि फळातील साखर मोजण्याचा रिफ्रॅक्टोमीटर. शेवटच्या वर्षी ग्रामीण कार्यानुभवासाठी गावोगाव जाणाऱ्या उद्यानदूतांना आणि उद्यानकन्यांना शेतकऱ्यांसमोर कलमे बांधून दाखवावी लागतात, तेव्हा ही अवजारे स्वतःची असलेली बरी.

या देशात याचा उत्तम नमुना आहे. व्हॅलरी फिनिस या इंग्लंडमधील वॉटरपेरी येथील महिलांच्या उद्यानविद्या शाळेत शिकल्या आणि पुढे तेथेच अनेक वर्षे डोंगराळ प्रदेशातील वनस्पती वाढवत राहिल्या. त्यांचे पती सर डेव्हिड स्कॉट यांचा एकुलता मुलगा मर्लिन दुसऱ्या महायुद्धात मारला गेला होता. पतीच्या निधनानंतर, १९९० मध्ये, त्यांनी मर्लिन ट्रस्ट स्थापन केला. उद्यानविद्येतील तरुणांना प्रवासासाठी छोट्या रकमा द्यायच्या आणि परत आल्यावर अहवाल लिहून घ्यायचा, एवढीच त्याची रीत आहे. रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीही अभ्यासदौऱ्यांसाठी अशी अनुदाने देते. मला अहवालाची अट विशेष महत्त्वाची वाटते, कारण लिहायचे आहे हे ठाऊक असले की माणूस अधिक बारकाईने पाहतो.

आपली,
एक सभासद

प्रेषक: सचिव

नमस्कार.

वरील पत्रातील विचार मला पटतो. तथापि, पैसे पाठवण्याचा मार्ग आधी ठरवावा लागेल. आपले मंडळ ब्रिटनमध्ये नोंदलेले असल्याने, आपण सारे मराठी असलो तरी, भारताच्या २०१० च्या परदेशी अंशदान कायद्यानुसार मंडळाचा पैसा परदेशीच ठरतो. ब्रिटिश पासपोर्ट घेतलेल्यांनाही हेच लागू आहे. ओसीआय कार्डाने (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत सरकार देते ते कार्ड) त्यात फरक पडत नाही. भारतीय नागरिकत्व असलेल्यांनी स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा मात्र यात मोडत नाही. पुण्यातील एखाद्या परिचित संस्थेकडे रक्कम पाठवावी आणि तिने ती महाविद्यालयाला द्यावी, ही काहींनी फोनवर सुचवलेली वाट २०२० च्या दुरुस्तीने बंद झाली आहे, कारण परदेशी पैसा घेण्यासाठी या कायद्याखाली नोंदणीकृत असलेल्या संस्थेलाही असा पैसा पुढे दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. म्हणून विद्यार्थी निवडून खर्च स्वतः करील अशीच नोंदणीकृत संस्था आपल्याला शोधावी लागेल.

येथील बाजू सोपी आहे. गिफ्ट एड या ब्रिटिश सरकारच्या करसवलतीखाली करदात्याने दिलेल्या देणगीच्या प्रत्येक पौंडामागे मंडळाला २५ पेन्स मिळतात. दिवाळीच्या सोडतीच्या तिकिटांवर ते मिळत नाहीत, कारण तिकीट ही देणगी नव्हे. परदेशी पाठवलेली रक्कम ठरलेल्या कामीच लागली, याची खातरजमा विश्वस्तांनी करायची असते, आणि तेथेही विद्यार्थ्यांचे अहवाल उपयोगी पडतील.

आपला,
सचिव

प्रेषक: एक सभासद, केंट

सचिवसाहेब,

संस्थेची निवड आपण करावी. माझ्या दोनच विनंत्या आहेत: अहवाल मराठीत लिहिण्याची मुभा असावी आणि पैसे सप्टेंबरपूर्वी पोहोचावेत, कारण द्राक्षाची छाटणी आपल्या कार्यकारिणीच्या बैठकीसाठी थांबणार नाही. निवड समितीत मंडळाबाहेरचा एक तरी जाणकार घ्यावा; आपल्या नातलगांच्या मुलांचे अर्ज येणार, हे आताच गृहीत धरलेले बरे.